गोळी बदलणार का?

चक्कर येते असं आपल्याकडे कुणी म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, "जेवलीस का वेळेवर?" दुसरा, "बीपी बघितलंस?" दोन्हींचं उत्तर ठीक निघालं, की पाळी मानेची. मानेचा एक्स-रे काढतात, पन्नाशीपुढच्या कुठल्याही माणसाच्या मणक्यात थोडीफार झीज दिसतेच, आणि कारण सापडल्याच्या आनंदात गळ्यात पट्टा येतो. माझ्या मावशीच्या गळ्यात तो बराच काळ होता. ती सांगलीची. तिची चक्कर तासन्‌तास टिकायची, उलट्या व्हायच्या, आणि हे सगळं सुरू होण्याआधी डाव्या कानात दडा बसून आत घूं घूं सुरू व्हायचं. ती दर वेळी याच क्रमाने सांगायची. ऐकणारे मात्र कानाचं वाक्य सोडून द्यायचे. कान दुखत नाही, फुटत नाही, मग त्याचं काय एवढं!

शेवटी मिरजेतल्या एका कानाच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, की खोली फिरते की तुम्ही फिरता? किती वेळ फिरते? कान आधी वाजतो की नंतर? हे प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मग बंद खोलीत हेडफोन लावून श्रवणचाचणी झाली. डाव्या कानाला खालच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येत होते. डॉक्टरांनी मेनिएर या कानाच्या आतल्या भागाच्या आजाराचं नाव घेतलं आणि खात्रीसाठी एमआरआय लिहून दिला. त्या एमआरआयचा रिपोर्ट आला, शेवटची ओळ नॉर्मल. काका म्हणाले, "बघ, काही नाहीये तुला. उगाच मनाला लावून घेतेस." ट्यूमर नाही म्हणून घरात पेढे आले आणि मावशी काही दिवस काकांशी धड बोलली नाही. आजार नाही असं छापून आल्याचा एवढा राग येऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं, आणि मी या विषयात वाचायला लागले ते त्या रागामुळेच.

त्या रिपोर्टने खोटं सांगितलं नव्हतं. एका कानाचं ऐकणं कमी झालं की डॉक्टर एमआरआय सांगतात तो मुख्यतः कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ नाही ना, हे बघायला. गाठ नव्हती. विचारलेल्या प्रश्नाला बरोबर उत्तर मिळालं होतं. मावशीच्या कानात काय चाललंय, हा प्रश्न त्या मशीनला कुणी विचारलाच नव्हता.

आणि विचारायचा म्हटला तरी तो सोपा नाही. कानशिलाचं हाड कवटीच्या बुडाशी आत वळतं, तिथला भाग शरीरातल्या सर्वांत घट्ट हाडांपैकी. हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यातून डीएनए काढायचा तर शास्त्रज्ञ हाच तुकडा आधी शोधतात, कारण त्यात सगळं टिकून राहतं. या हाडात पोकळ्या आहेत. ऐकण्यासाठी अडीच वेढ्यांची कॉक्लिया, तोल सांभाळण्यासाठी एकमेकींशी काटकोनात बसलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका, आणि मध्ये दोन छोट्या पिशव्या. सायकलच्या टायरमध्ये ट्यूब असते तसा हाडाच्या पोकळीत पातळ पडद्याचा दुसरा मार्ग बसवलेला असतो. बाहेर एक द्रव, पेरिलिम्फ. आत दुसरा, एंडोलिम्फ. दोन्ही मिळून काही थेंब. कॉक्लियाची उंची जेमतेम अर्धा सेंटिमीटर. १९७१ साली लंडनजवळच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये गॉडफ्री हाउन्सफील्डच्या मशीनवर पहिल्या पेशंटच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, तेव्हा एकेक काप १३ मिलिमीटर जाडीचा होता. म्हणजे अख्खी कॉक्लिया एका कापात गडप झाली असती. आज कानाचे काप अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास घेतात, नव्या फोटॉन मोजणाऱ्या सीटीत त्याहूनही बारीक. त्यातून हाडाच्या भिंती फार सुंदर दिसतात. पण मावशीचं दुखणं भिंतीत नव्हतंच. आतला पडदा सीटीवर दिसत नाही, आणि साध्या एमआरआयवर दोन्ही द्रव सारखेच पांढरे.

प्रॉस्पर मेनिएर हे पॅरिसमधल्या मूकबधिरांच्या संस्थेचे डॉक्टर. जानेवारी १८६१ मध्ये त्यांनी तिथल्या वैद्यक अकादमीपुढे निबंध वाचला, की अचानक येणारी चक्कर, उलट्या, कानातला आवाज आणि बहिरेपण या सगळ्यांचं मूळ अंतर्कर्णात असू शकतं. त्या काळी अशी चक्कर म्हणजे मेंदूत रक्त साचल्याचं लक्षण मानत आणि त्यावर उपाय म्हणून रक्त काढत, जळवा लावत. मेनिएर यांच्या हाती चित्र नव्हतं, यंत्र नव्हतं. बहिऱ्या माणसांत वर्षानुवर्षं वावरल्यामुळे त्यांनी पेशंटच्या कहाण्यांचा क्रम ओळखला होता. मावशी सांगायची तोच क्रम. पुढच्याच वर्षी ते वारले. आपल्या नावाचा आजार होणार आहे, हे त्यांना कळलंही नाही.

त्यांचं म्हणणं डोळ्यांनी बघायला १९३८ साल उजाडलं. लंडनमध्ये चार्ल्स हॉलपाइक आणि ह्यू केर्न्स, जपानात ओसाकाचे यामाकावा. एकमेकांना ठाऊक नसताना एकाच वर्षी त्यांना तीच गोष्ट दिसली. लंडनचे दोन पेशंट चक्कर थांबवण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर दगावले होते. त्यांची कानशिलाची हाडं काढून, आम्लात मऊ करून, पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. हे काम महिनोन्‌महिने चालतं. आतली ट्यूब फुगून पडदे ताणले गेले होते. एंडोलिम्फ वाढलं होतं. आजाराचं शरीरातलं रूप सापडलं, पण ते बघण्यासाठी पेशंट मेलेला असायला हवा होता. जिवंत माणसाच्या अंतर्कर्णातून तपासणीला तुकडा काढता येत नाही, काढला तर कान गेला. त्यामुळे पुढची जवळजवळ सत्तर वर्षं कानाचे डॉक्टर जिवंत पेशंटच्या लक्षणांवरून मेलेल्या पेशंटच्या स्लाइडचा अंदाज बांधत राहिले.

२००७ साली नागोया विद्यापीठातल्या नाकाशिमा, नागानावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत देखणं काम वाटतं, कारण त्यात नवीन यंत्र कुठेच नाही. एमआरआयसाठी शिरेतून देतात ते गॅडोलिनियमचं औषध त्यांनी सलाइनमध्ये आठपट पातळ केलं आणि सुईने कानाच्या पडद्यातून मधल्या कानात सोडलं. मग एक दिवस वाट बघितली. औषध हळूहळू झिरपत बाहेरच्या द्रवात, पेरिलिम्फमध्ये उतरलं. आतल्या पडद्याने मात्र त्याला अडवलं. ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या एमआरआयवर बाहेरचा द्रव उजळला आणि आतला काळाच राहिला. आता काळा भाग किती मोठा आहे, एवढंच बघायचं. मेनिएरच्या पेशंटमध्ये तो फुगलेला होता. हॉलपाइकला आणि यामाकावांना स्लाइडवर दिसलं होतं ते समोर श्वास घेणाऱ्या माणसाच्या कानात दिसलं. पुढे याच मंडळींनी कानात सुई न खुपसता औषध नेहमीसारखं शिरेतून देऊन साधारण चार तासांनी चित्र घेण्याची पद्धत बसवली. चार तास अशासाठी, की रक्त आणि अंतर्कर्ण यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो, औषधाला तो ओलांडायला वेळ लागतो.

हे वाचून मी इतकी हरखले की मावशीच्या पुढच्या भेटीला मुद्दाम सोबत गेले. डॉक्टरांना विचारलं, असा एमआरआय करता येईल का? ते म्हणाले, येईल, तशी सोय असलेल्या ठिकाणी जावं लागेल. मी मनात काकांना दाखवायची फिल्म तयारही केली होती. मावशी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "डॉक्टर, ते दिसलं म्हणजे मग गोळी बदलणार का तुम्ही?"

डॉक्टर हसले. नाही म्हणाले. मीठ कमी, लोणचं-पापड बंद, बीटाहिस्टिनची गोळी चालू, झटका आला तर उलटीचं औषध. फुगवटा दिसला तरी हेच आणि नाही दिसला तरी हेच. "मग राहू दे," मावशी म्हणाली.

मला तेव्हा थोडा रागच आला. नंतर मात्र या विषयावर काहीही वाचताना मी तोच प्रश्न लावून बघायला लागले, आणि तो फार कामाचा निघाला. मेनिएरच्या बाबतीत तिची बाजू भक्कम आहे. फुगवटा जास्त म्हणजे चक्कर जास्त, असा हिशेब लागत नाही. काही पेशंटच्या तक्रार नसलेल्या कानातही तो दिसतो. २०१५ साली बाराणी सोसायटी या तोलविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मेनिएरचे निकष नव्याने ठरवले, त्यात एमआरआयवरचा फुगवटा दिसायलाच हवा अशी अट नाही. वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत टिकणारे चकरेचे किमान दोन झटके, श्रवणचाचणीत खालच्या-मधल्या पट्टीचं ऐकणं कमी झालेलं, आणि त्याच कानात कमी-जास्त होणारा दडा किंवा आवाज. म्हणजे अजूनही मुख्य पुरावा पेशंटच्या तोंडून येतो. चित्र उपयोगी आहे, संशोधनात तर फारच. कुठलं औषध खरंच फुगवटा उतरवतं, हे आता जिवंत माणसात मोजता येतं. पण सांगलीच्या बाईला त्याने उद्या सकाळी काय मिळणार, हा वेगळा प्रश्न आहे.

काकांना फिल्म दाखवायची माझी इच्छा अगदीच वेडगळ होती असंही मला वाटत नाही. कारण एका आजारात चित्राने माणसांना शब्दशः वेडेपणाच्या शिक्क्यातून सोडवलं आहे. काही लोकांना स्वतःच्या बुबुळांची हालचाल ऐकू येते. डोळे उजवीकडे वळवले की कानात खस्स. स्वतःची पावलं, स्वतःचं चावणं, स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. मोठा आवाज झाला की जग तिरकं होतं; गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशांच्या पथकापाशी असं कुणाला झालं तर आपण काय म्हणू, ते सांगायला नको. १९९८ साली जॉन्स हॉपकिन्समधल्या लॉइड मायनर यांनी अशा पेशंटचं कोडं सोडवलं, आणि कसं सोडवलं ते महत्त्वाचं. त्यांनी आधी स्कॅन काढला नाही. आवाज किंवा दाब दिल्यावर पेशंटचे डोळे कुठल्या दिशेने सरकतात, ते टक लावून बघितलं. तीन नलिकांपैकी प्रत्येकीची डोळ्यांना हलवण्याची दिशा ठरलेली असते. डोळे सरकत होते ते सर्वांत वरच्या नलिकेच्या प्रतलात. म्हणजे तिच्यावरच्या हाडाला भोक असणार, असा तर्क त्यांनी बांधला आणि मग सीटीवर नेमकी तीच जागा बघितली. भोक होतं. मेंदूच्या आणि नलिकेच्या मधलं छप्पर गळालेलं. बंदिस्त नळीला नको तिथे खिडकी पडल्यामुळे बाहेरचा आवाज तोलाच्या नलिकेत घुसत होता आणि शरीरातले आवाज कानात.

इथे गोळी बदलते. गोळी कसली, थेट शस्त्रक्रियाच. ती नलिका बुजवतात आणि पुष्कळांना आराम पडतो. पण याच आजाराने रेडिओलॉजिस्टनाही नम्र केलं. छप्पर मुळातच कागदासारखं पातळ असतं. काप जाड घेतला किंवा नलिकेच्या प्रतलात चित्र जुळवून घेतलं नाही, तर पातळ हाड चित्रात हरवतं आणि नसलेलं भोक दिसतं. मायनर यांच्याच गटाने २००० साली मृतांची १००० कानशिलाची हाडं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तेव्हा खरं भोक जेमतेम अर्ध्या टक्क्यात सापडलं. सीटी बघून मोजलं तर आकडा याच्या कितीतरी वर जातो. त्यामुळे नुसत्या चित्रावर भरवसा ठेवून कवटी उघडणारा सर्जन शहाणा नव्हे. आधी पेशंटचं ऐकायचं, मग डोळे, मग कानाच्या चाचण्या, मग फिल्म.

सर्वांत जास्त माणसांना होणाऱ्या कानाच्या चकरेत तर फिल्म लागतच नाही. अंथरुणात कूस बदलली की काही सेकंद खोली गरगर फिरते, ती ही. तोलाच्या पिशवीतले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे सुटून नलिकेत भरकटतात. ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, रोजच्या कुठल्याही स्कॅनवर दिसायचे नाहीत. ते शोधायचे तर पेशंटला बसलेल्या अवस्थेतून मान वळवून झटकन आडवं करायचं आणि डोळ्यांकडे बघायचं. १९५२ सालची ही चाचणी मार्गारेट डिक्स आणि हॉलपाइक यांची, हो, तेच हॉलपाइक. ज्या माणसाने मृतांच्या हाडात आजाराचं चित्र शोधलं, त्यानेच जिवंत माणसासाठी एक टेबल आणि दोन हात पुरतील अशी चाचणी दिली. मग अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून खडे परत जागेवर नेण्याची युक्ती काढली. पाच-दहा मिनिटांचं काम, औषध नाही. एवढं असून आपल्याकडे या पेशंटच्या हाती आधी मेंदूचा एमआरआय आणि मानेचा एक्स-रे पडतो. त्या पैशांत घरातल्या चार जणांचे चष्मे झाले असते.

नॉर्मल रिपोर्ट कधी कधी धोक्याचाही असतो. अचानक सुरू होऊन थांबायचंच नाव न घेणारी चक्कर कानाच्या नसेला सूज आल्यानेही असते आणि लहान मेंदूतल्या किंवा मेंदूच्या देठातल्या स्ट्रोकनेही. २००९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की पहिल्या ४८ तासांत काढलेल्या एमआरआयमध्ये अशा स्ट्रोकपैकी सुमारे १२ टक्के निसटले. डोळ्यांच्या तीन साध्या चाचण्या नीट शिकलेल्या डॉक्टरच्या हाती त्याहून सरस ठरल्या. नीट शिकलेला, हा शब्द इथे जड आहे.

एमआरआयबद्दल आणखी एक गंमत सांगायची राहिली. मशीनमध्ये सरकवताना मावशीला परत फिरल्यासारखं झालं होतं. तंत्रज्ञ म्हणाला, घाबरू नका, बंद जागेत होतं तसं. असेलही. पण २०११ साली डेल रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ टेस्लाच्या मशीनमध्ये निरोगी माणसांना अंधारात झोपवून त्यांचे डोळे टिपले, तर ते आपोआप सरकत होते, जणू माणूस फिरतो आहे. ज्यांच्या दोन्ही कानांतले तोलाचे अवयव आधीच निकामी झालेले होते, त्यांचे डोळे स्थिर राहिले. एंडोलिम्फमधून विद्युतभारित कणांचा प्रवाह सतत चालू असतो. प्रखर चुंबकीय क्षेत्रात त्या प्रवाहावर बल येतं आणि द्रव नलिकेतल्या संवेदकाला ढकलतो. पेशंटला मशीनमध्ये उलट्या बाजूने सरकवलं तर डोळ्यांची दिशाही उलटते. म्हणजे कान बघायला आणलेलं मशीन स्वतःच कानाला हलवतं. मिरजेतल्या त्या मशीनचं चुंबक एवढं जबर नव्हतं, त्यामुळे मावशीचं तेच होतं अशी पैज मी लावणार नाही. तिला सांगितलं मात्र मी. ती म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं."

चित्रावाचून पानही हलत नाही असंही एक दालन आहे, आणि ते लहान मुलांचं. १७९१ साली बोलोन्यात कार्लो मोंदिनी यांनी मरण पावलेल्या आठ वर्षांच्या एका बहिऱ्या मुलाचा कान उघडला, तेव्हा कॉक्लियाला अडीचऐवजी दीडच वेढा निघाला. आज तेच शोधण्यासाठी जन्मतः न ऐकणाऱ्या बाळाला झोपेचं औषध देऊन मशीनमध्ये ठेवतात. कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे कॉक्लियात तार सरकवून थेट नसेला आवाज पोचवणारं यंत्र, बसवायचं तर कॉक्लिया आहे का, किती वेढ्यांची आहे, द्रवाचा मार्ग मोकळा आहे का, आणि सर्वांत आधी, ऐकण्याची नस आहे का? कानाच्या आतल्या बोगद्यात चार नसा शेजारी शेजारी धावतात. आडवा छेद घेतला की एमआरआयवर चार ठिपके दिसतात. तीनच दिसले आणि ऐकण्याचा ठिपका गायब असला, तर लाखो रुपयांचं यंत्र बसवून काय मिळेल याचा पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो. अंतर्कर्ण जन्मतःच पूर्ण आकाराचा असतो, मूल वाढलं तरी तो वाढत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी घेतलेलं माप कायमचं.

आणि मेनिंजायटिसनंतर ऐकू येईनासं झालेली मुलं. जिवाणूंमुळे झालेला दाह कॉक्लियात शिरला, तर आत आधी तंतू धरतात आणि मग त्या जागी हाड भरायला लागतं. कधी काही आठवड्यांतच. एमआरआयवर एरवी पांढरा दिसणारा द्रव जागोजाग नाहीसा होतो, ती पहिली खूण. सीटीवर हाड दिसू लागेपर्यंत इलेक्ट्रोड सरकवायला वाट उरतेच असं नाही. एरवी बाळाला काही महिने श्रवणयंत्र लावून बघतात, आईवडिलांना विचार करायला वेळ देतात. या मुलांच्या बाबतीत एमआरआयवर ती खूण दिसली, की डॉक्टर तसं थांबत नाहीत. शस्त्रक्रियेची तारीख शक्य तितक्या लवकरची धरतात, आणि जमलं तर दोन्ही कान एकाच वेळी करतात.